सेलिकाची उजवी सीट

गिअरबॉक्समध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

शेडच्या फरशीवर पोतं अंथरून मी तो उघडला होता. आतलं काळं, घट्ट झालेलं तेल पातेल्यात काढलं, एकेक गिअर रॉकेलनं धुतला आणि उजेडात धरून पाहिला. एकाचाही दात तुटलेला नव्हता. पितळी रिंगा शाबूत, बेअरिंगा शाबूत. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये माझी उभी हयात गेली आहे, आधी फिटर म्हणून आणि मग फोरमन म्हणून. गेलेला गिअरबॉक्स कसा दिसतो ते मला कुणी सांगायला नको. हा गेलेला नव्हता. आणि ह्याच गिअरबॉक्सपायी माझ्या दाजींची टोयोटा सेलिका दहा-बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पद्मावती अक्काचे यजमान, भूपाल चौगुले. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो. मस्कतला बरीच वर्षं नोकरी करून ते परत आले तेव्हा बाकीचे लोक टीव्ही आणत, सोनं आणत. ह्यांनी गाडी आणली. जपानी बनावटीची, बुटकी, लांब नाकाची, हळदीसारखी पिवळी. मुंबईला बोटीतून उतरवून घेतली, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि एक दिवस ती जयसिंगपुरात आमच्या गल्लीत आणून उभी केली. सगळी गल्ली गोळा झाली. आमच्या वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि हिच्यात पेंडीची पोती किती मावतात एवढंच विचारलं.

गाडी डाव्या स्टिअरिंगची होती. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूनं जायचं, आणि हे चालवणार तेही डावीकडेच बसून. पुढे ट्रक आला की दाजींना ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसत नसे. समोरून काय येतंय ते दिसायचं उजव्या सीटवरच्या माणसाला, म्हणजे अक्काला. मग रीतच पडून गेली. दाजी ट्रकच्या मागे येऊन विचारायचे, "पद्मा, घेऊ?" अक्का खिडकीतून मान बाहेर काढून बघायची आणि "थांबा" म्हणायची, नाहीतर "घ्या" म्हणायची. तिनं घ्या म्हटलं की दाजी बिनघोर गाडी बाहेर काढायचे.

दर रविवारी सकाळी दोघं बाहुबलीच्या दर्शनाला जायची. माझी बहीण जन्मात कधी सायकलवरसुद्धा बसली नव्हती, आणि ती अशी नुसत्या शब्दावर गाडी चालवायची. डावा हात दाजींच्या सीटच्या पाठीवर टाकून ऐटीत बसायची. घरात शब्द दाजींचा चाले, गाडीत तिचा. मी दोन-चारदा मागे बसून गेलो आहे. "घ्या" म्हणताना तिचा चेहरा असा काही व्हायचा की आमच्या कारखान्याच्या चेअरमननं तिच्याकडून रुबाब शिकावा.

मग एके दिवशी गिअरबॉक्स गेल्याचं दाजींनी जाहीर केलं. त्याचे भाग इकडे मिळत नाहीत म्हणाले आणि गाडीवर ताडपत्री टाकली. पुढे काही वर्षांनी अक्काच्या डोळ्यांचं निघालं. मिरजेला डॉक्टरांना दाखवलं तोवर काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ संपवले होते. मी सांगतोय त्या वर्षी तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्यातच तिच्या हृदयाचंही दुखणं निघालं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याकडे. एकदा परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, "सन्मती, ती गाडी सुरू हुईल का रं? एकदा बसायचंय त्यात."

मला तेवढं निमित्त पुरलं. कारखान्याचा हंगाम बंद होता, हाताला काम नव्हतं, आणि त्या गाडीवर माझा पहिल्यापासून डोळा होता. दाजींना सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. भाग मिळणार नाहीत, टायर मिळणार नाहीत, आता ह्या वयात कशाला, अशी शंभर कारणं त्यांनी काढली. मी म्हटलं, नाही मिळाले तर लेथवर पाडून आणतो. अक्कानं मागितलंय म्हटल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ताडपत्री ओढली.

आणि मग त्यांनाच नाद लागला. टाकी काढली तर आत गंजाची भाकरी जमलेली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. ब्रेकचे रबर कोल्हापुरात उद्यमनगरात जुळवून मिळाले, मागच्या दिव्यांखालचे रबर आम्ही सायकलच्या ट्यूबमधून कापले. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची खाच आपल्या पेचकसाला नीट धरत नाही, जोर लावला की डोकंच झिजतं. मी पहिल्याच आठवड्यात दोन-तीन स्क्रूंची वाट लावली. तेव्हा दाजींनी आतून मस्कतचा पेचकस आणून दिला आणि फोरमनसाहेब म्हणून मला दिवसभर चिडवलं.

पुट्टी घासायचं काम अक्कानं मागून घेतलं. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन ती पाटावर बसायची, पत्रा घासायची, मग त्यावरून तळहात फिरवायची. "हितं अजून उंचवटा हाय," म्हणायची. मला तिथं काही लागायचं नाही, पण तिचं ऐकलं नाही तर प्रायमर बसल्यावर नेमकी तिथंच लाट दिसायची. दाजी काम सोडून तिच्याकडे बघत राहायचे. जैनांच्या रीतीप्रमाणे त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण. त्यामुळे उन्हं कलली की आम्ही पाने-पेचकस खाली ठेवायचो, हात घासून धुवायचो आणि तिघं एकत्र जेवायला बसायचो. इतकं हसणं त्या घरात मी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं.

फक्त गिअरबॉक्सचं नाव काढलं की दाजी म्हणायचे, तो मी बघतो. इंजिन झालं, ब्रेक झाले, पत्रा झाला, तरी ते बघत नव्हते. म्हणून ते रंग आणायला सांगलीला गेलेले पाहून त्या दुपारी मी तो खाली घेतला आणि उघडला.

दाजी रंगाचे डबे घेऊन आले, पोत्यावर ओळीनं मांडलेले गिअर त्यांनी पाहिले आणि दारातच थबकले.

"काय झालेलं न्हाई ह्याला," मी म्हणालो.

"न्हाई," ते म्हणाले. "झालंच नव्हतं."

अक्का आत झोपली होती. दाजींनी घराकडे एकदा बघितलं, शेडचं दार लोटून घेतलं आणि उलट्या घातलेल्या घमेल्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. गिअरबॉक्स गेल्याचं सांगितलं त्या रविवारी ती दोघं बाहुबलीला निघाली होती. हातकणंगल्याच्या अलीकडे पुढे विटांचा ट्रक आला. दाजींनी विचारलं, अक्का म्हणाली, "घ्या." त्यांनी गाडी बाहेर काढली आणि समोर बस. बसवाल्यानं चाकं रस्त्याखाली उतरवली म्हणून दोघं वाचली. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. अक्का घाबरून हसली आणि म्हणाली, ऊन डोळ्यावर आलं हो. सकाळची वेळ आणि गाडी पश्चिमेला निघालेली. ऊन त्यांच्या पाठीमागं होतं.

तिथून गाडी वळवून ते घरी आले आणि गिअरबॉक्स गेला म्हणाले. मग ते अक्कावर लक्ष ठेवू लागले. चालताना तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. बाजूला ठेवलेली वाटी हाताच्या धक्क्यानं लवंडायची. समोरचं दिसायचं, कडेचं दिसत नव्हतं. काही विचारलं की ती हसण्यावारी न्यायची.

"मग दवाखान्यात का न्हाई नेलं?" मी विचारलं.

"ती लपवत होती, सन्मती. मला वाटलं, जे ती झाकतीया ते मी उघडं कशाला करू. गाडीतलं तेवढं एक तिचं होतं. तुझ्या शब्दावर आता भरवसा न्हाई, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून गाडीच बंद केली."

"आणि मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले?"

दाजींनी एक गिअर उचलला आणि परत पोत्यावर ठेवला. "मला एकट्याला आत बोलावून म्हणाले, चार वर्षं आधी आणलं असतं तर औषधाच्या थेंबांवर थांबलं असतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बहिणीनं मला कडेवर घेऊन वाढवलं ती हाताशी धरून न्यावी लागते, आणि कशापायी, तर ह्या गृहस्थांना तोंड उघडायचा संकोच वाटला म्हणून. मी त्यांना जे बोललो ते कागदावर उतरवण्याजोगं नाही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांनी एका शब्दानं उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी हात न धुताच तिथून निघालो.

पुढचे काही दिवस मी तिकडे फिरकलो नाही. बायकोनं विचारलं तर काम आहे म्हटलं. मग अक्काचाच फोन आला. तक्रार नाही, काही नाही. रंगाचा वास घरात नुसताच कोंडलाय म्हणाली, तू येत न्हाईस तर हेही शेडमध्ये जाऊन नुसते बसून राहतात म्हणाली. आणि शेवटी, तिच्या रोजच्या आवाजात, "माझ्या हृदयाचा काय भरवसा न्हाई रं. तेवढं उरकून घ्या."

गेलो. गिअर पोत्यावर तसेच होते. दाजींनी त्यावर धुतलेलं धोतर पांघरून ठेवलं होतं. आम्ही कामाला लागलो. तासाभरानं दाजी म्हणाले, "माझ्यावर राग असू दे. पण तिला कळू देऊ नगंस. मला काही कळलं न्हाई असंच तिला वाटतंय. तेवढं तरी तिच्यापाशी राहू दे."

मी हो म्हटलं. दाजींसाठी नव्हे, अक्कासाठी.

मग त्यांनी मनातला बेत सांगितला. अक्काला उजव्या सीटवर बसवायचं आणि पूर्वीसारखंच विचारायचं. मी मागे, तिच्या पाठच्या बाजूला बसायचं आणि खिडकीतून रस्ता बघायचा. समोर मोकळं असेल तेव्हा मी त्यांचा खांदा हळूच दाबायचा. दाबला तरच ते विचारणार, पद्मा, घेऊ? ती घ्या म्हणेल आणि ते गाडी काढतील. तिला वाटेल, तिच्या शब्दावर काढली. पन्नाशी-साठी उलटलेली आम्ही दोन माणसं शेडमध्ये दोन खुर्च्या पुढे-मागे मांडून ह्याची तालीम करत होतो. कुणी बघितलं असतं तर आम्हाला वेड लागलं म्हणाला असता.

दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला आणि एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. अक्का हिरवं इरकली लुगडं नेसली होती. तिनं बॉनेटपासून हात फिरवत फिरवत उजवीकडचं दार शोधलं. कुणाला हात लावू दिला नाही. मी आधी मागे शिरून गुडघे हनुवटीला लावून बसलो, मग ती बसली. बसल्याबरोबर तिचा डावा हात दाजींच्या सीटच्या पाठीवर गेला, जसा काही तो कालच तिथून उचलला होता. दाजींनी पहिला गिअर टाकला.

गाव संपलं. दोन्ही बाजूला ऊस. अक्कानं काच खाली करायला सांगितली आणि तोंड वाऱ्याला धरलं. तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता, आणि माझा इतक्या दिवसांचा राग तिथं पातळ झाला. हे तिला मिळालं ना, मग बाकीचं जाऊ दे, असं मला वाटून गेलं.

पहिली पुढे लागली ती कडब्याची गाडी. समोर चिटपाखरू नव्हतं. मी खांदा दाबला. दाजी म्हणाले, "पद्मा, घेऊ?"

अक्का थोडी थांबली. मग म्हणाली, "घ्या."

दाजींनी गाडी काढली आणि पुढे गेल्यावर असे हसले की मला आरशात त्यांची दाढ दिसली. बारा वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पुढे दोन मैलांवर उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबतोय, आणि ड्रायव्हरनं कर्ण्यावर गाणी लावलेली. आम्ही त्याच्या मागे रांगू लागलो. समोरून एक मोटारसायकल गेली, एक टेम्पो गेला. मग रस्ता लांबवर रिकामा झाला. मी हात पुढे करून दाजींचा खांदा दाबला.

माझ्या बोटांखाली दुसरी बोटं आली. अक्काचा हात सीटच्या पाठीवरून सरकून दाजींच्या खांद्यावर आला होता. मी हात मागे घ्यायच्या आत तिनं माझं बोट धरलं.

"पद्मा, घेऊ?" दाजींनी विचारलं. त्यांना काही कळलं नव्हतं.

अक्का बोलली नाही.

"पद्मा?"

"सन्मती, तोंडानं सांग की," ती म्हणाली. "खांदा कशाला दाबतोस? मला दिसत नव्हतं हे ह्यांना त्या बसच्या दिवशीच कळलेलं हाय."

दाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ट्रॅक्टर पुढे निघून गेला. गाणी लांब गेली. इंजिन चालू होतं, ते बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"घरापातुर सगळे गिअर पडत होते की. शेजारीच बसले होते मी. आणि दारात उतरल्यावर म्हणालात, गिअरबॉक्स गेला."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू?" अक्काच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, आंधळी हुणारी बायको शेजारी नको झाली तुम्हाला. गाडीतनं उतरवलंत, उद्या मनातनं उतरवाल. म्हणून ठरवलं, जेवढं दिसतंय तेवढ्यावर भागवायचं. कुणाला कळू द्यायचं न्हाई. तुम्ही कवातरी विचाराल म्हणून लई दिवस वाट बघितली. आज परत ह्या सीटवर बसवलंत, म्हणून बोलले."

दाजींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळलं, आणि मी मनात म्हणालो, दाजी, नका सांगू. एवढं पोटात ठेवा. पण बारा वर्षं ठेवून ठेवून त्या माणसाच्यात आता काही ठेवायची ताकद उरली नव्हती.

"पद्मा, डॉक्टर म्हणाले होते, आधी आणलं असतं तर थेंबांवर थांबलं असतं."

हे तिला माहीत नव्हतं. माझं बोट तिच्या हातात होतं, म्हणून मला ते कळलं.

"किती आधी?" तिनं विचारलं.

"चार वर्षं."

उसातून वारा येत होता. मग ती म्हणाली, "तवा मला तुमचं तोंड दिसत होतं."

दाजी रडू लागले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं वाईट असतं, त्याला आवाज सावरता येत नाही. अक्कानं त्यांना समजावलं नाही, आणि त्यांच्या खांद्यावरचा हातही काढला नाही. मला उतरून कुठंतरी उसात निघून जावंसं वाटत होतं. पण त्या गाडीला दोनच दारं. पुढच्या दोघांपैकी एकानं उतरून सीट पाडल्याशिवाय मागच्याला बाहेर पडता येत नाही. आणि दोघांपैकी कुणीही उतरलं नाही.